महिना जमतो, वर्ष जमत नाही: एका घराच्या वर्षभराच्या हिशेबाची केस

माझी मावसबहीण, मी तिला ताईच म्हणते, तिच्या घराचा हिशेब मी गेलं दीड वर्ष तिच्यासोबत बसून करतेय आणि आता तिला विचारूनच हे लिहितेय. ती म्हणाली लिही, पण आकडे आमचे नको टाकूस. त्यामुळे एक सोय केलीय, घरात वर्षभरात येणारे सगळे पैसे मिळून १२०० भाग धरलेत, म्हणजे महिन्याला सरासरी १०० भाग. पुढे जिथे आकडा येईल तिथे हेच भाग समजा. तुमच्या वर्षाच्या उत्पन्नाला १२०० ने भागलं की तुमचा एक भाग किती ते कळेल आणि मग सगळं आपोआप तुमच्या घराच्या मापात बसेल.

घरात पाच माणसं. ताई, भाऊजी, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि ताईच्या सासूबाई. भाऊजींचा पगार ८० भाग, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो. ताई घरी शिवणकाम करते, त्याचे सरासरी २० येतात, पण ही सरासरीच, एखाद्या महिन्यात १० तर एखाद्यात ३५. घर भाड्याचं. उधळपट्टी म्हणावी असं काही म्हणजे काहीच नाही. हे आधीच सांगते कारण कर्ज झालं म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, एवढे पैसे उडवले कशावर? ताई तर वर्षानुवर्षं डायरीत खर्च लिहिणारी बाई आहे.

आणि तिचा तोच प्रश्न होता. ती डायरी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अगं, तू दिवसभर हिशेबाचंच काम करतेस ना, मला एवढंच सांग, माझा प्रत्येक महिना जमतो, मग वर्षाच्या शेवटी क्रेडिट कार्डावर ७० भाग कर्ज कसं काय उरतं?"

तिचा महिना असा होता. भाडं २६, किराणा आणि ताजा माल धरून ३०, वीज-इंधन-पाणी ९, येणंजाणं ८, शाळा ७, सासूबाईंची औषधं ६, फोन-इंटरनेट ३, किरकोळ ६. झाले ९५. उरलेले ५ बचत. बरोबर १००. कागदावर कुठे बोट ठेवायला जागा नाही. म्हणजे वर्षाला ६० भाग साठायला हवे होते, त्याऐवजी ७० कर्ज झालं होतं, एकूण १३० भागांचा खड्डा. सव्वा महिन्याहून जास्त पैसे कुठे गेले ते माहीत नाही अशी अवस्था.

मी आधी बँकेची स्टेटमेंटं मागितली, पण खरं उत्तर डायरीच्या शेवटच्या पानावर निघालं. तिथे तिने पेन्सिलने एक यादी केली होती, वर लिहिलेलं 'एकदाचे खर्च'. विम्याचा हप्ता, शाळा सुरू होतानाची वह्या-पुस्तकं आणि गणवेश, फ्रिजची दुरुस्ती, नात्यात जाणं-येणं आणि आहेर. प्रत्येकापुढे बरोबरची खूण, म्हणजे भागलं. हे खर्च तिने महिन्यात धरलेच नव्हते, कारण तिच्या डोक्यात ते वेगळे होते, एकदाच आलेत, पुन्हा थोडीच येणारेत. मी म्हटलं, ताई मागच्या वर्षीची डायरी आहे का? होती. तिच्या आधीचीही होती. तिन्ही डायऱ्या जमिनीवर शेजारी शेजारी उघडल्या, शेवटची पानं, आणि तिन्ही पानांवर जवळपास तेच खर्च, त्याच क्रमाने, पेन्सिलनेच. ताई बराच वेळ काही बोललीच नाही, मग नुसतं म्हणाली, "हे दरवर्षी येतंय की गं."

तर त्या पानाची बेरीज ७८ निघाली. विमा १८, शाळेची सुरुवात २४, दुरुस्ती १२, नात्यातलं २४.

पण खड्डा १३० चा होता, त्यामुळे अजून शोधावं लागलं, आणि पुढची जी गोष्ट सापडली ती मला स्वतःला आधी दिसली नव्हती. ताजा माल ती दर आठवड्याला आणते, साधारण ४ भागांचा. महिन्याचं बजेट करताना तिने चार आठवडे धरून १६ लिहिले होते, आपण सगळेच असंच करतो, महिना म्हणजे चार आठवडे. पण वर्षात आठवडे ५२ असतात आणि बारा चोक अठ्ठेचाळीस. चार आठवडे कुठल्याच महिन्यात लिहिलेले नसतात, पण त्या आठवड्यांतही माणसं जेवतातच. ४ भाग गुणिले ४ आठवडे, १६ भाग इथेच गेले. भाऊजींचा प्रवासाचा पासही आठवड्याचा, २ भागांचा, तिथे ८ गेले. फोनचं रिचार्ज २८ दिवसांचं, त्यामुळे वर्षात ते बारा वेळा न होता तेरा वेळा करावं लागतं, तिथे ३. एकूण २७. हे पैसे कोणी उडवले नव्हते, कोणी चुकीचं काही विकत घेतलं नव्हतं, नुसता गुणाकार चुकला होता. ज्या महिन्यात पाचवा आठवडा पडायचा त्या महिन्यात ताई डायरीत लिहायची 'या महिन्यात जरा जास्त झालं' आणि स्वतःला दोष द्यायची. मला याचं फार वाईट वाटलं, खरंच. तीन वर्षं एक हुशार बाई स्वतःला उधळी समजत होती, चूक होती एका गुणाकाराची.

मग व्याज. हे सगळे कमी पडलेले पैसे क्रेडिट कार्डावर जात होते आणि कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के. तीनच टक्के तर आहे असं घरात सगळ्यांना वाटायचं, पण चक्रवाढीने वर्षाचं ते ४२.६ टक्के होतं, आणि एक पैसाही परत केला नाही तर साधारण २४ महिन्यांत रक्कम दुप्पट. वर ती दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत होती, ५ टक्के. म्हणजे ७० भागांच्या कर्जावर साडेतीन भाग भरले की त्यातले २.१ व्याजातच जायचे आणि मुद्दल कमी व्हायची जेमतेम १.४ ने. त्या वर्षी व्याजाचे ११ गेले.

७८, २७ आणि ११ मिळून ११६. राहिले १४, त्यांचा पत्ता त्या दिवशी काही लागला नाही. मी तसंच लिहिलं, 'माहीत नाही: १४'. ताईला ते खटकलं, ती म्हणाली किरकोळमध्ये टाक ना, पण मी ऐकलं नाही, कारण किरकोळमध्ये टाकलं की ते सापडलं असं वाटतं आणि मग शोधणं थांबतं.

आता इथे थोडं थांबून सांगते की हे फक्त ताईचंच का होत नाही. खर्च लिहून ठेवणं आणि बजेट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डायरी झालेलं सांगते. जपानमध्ये मोतोको हानी या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही तयार केली, त्यातही भर होता तो आधी ठरवून मग खर्च करण्यावर. ताईकडे लिहिण्याची शिस्त भरपूर होती, पुढचं वर्ष डोळ्यासमोर मांडणारा कागद नव्हता.

तो कागद आम्ही केला. मोठा कार्डशीट, बारा उभे रकाने, भिंतीवर. प्रत्येक महिन्यात तो ठराविक नसलेला कोणता खर्च येणार तेवढंच लिहायचं. भाडं-किराणा त्यात नाहीच. मुलीने रंगीत पेनं काढली आणि विमा निळा, शाळा हिरवी असं केलं. सासूबाई पलंगावरून बघत होत्या, त्यांनीच सांगितलं की आठव्या महिन्यात त्यांचा चष्मा बदलायचाय, तो कुणाच्याच लक्षात नव्हता. पाच माणसांच्या घरात पाच माणसांना विचारल्याशिवाय हा कागद पूर्ण होत नाही.

कागद भरला आणि लगेच अडचण दिसली. सगळीकडे सांगतात वर्षाच्या खर्चाला १२ ने भागा आणि तेवढे दर महिन्याला बाजूला टाका. आम्ही ठरवलं होतं शाळेचा खर्च जुनी पुस्तकं घेऊन २४ वरून १५ वर आणायचा आणि नात्यातला २४ वरून १६ वर, म्हणजे वर्षाचे ६१, महिन्याला साधारण ५. पण विमा पडतो दुसऱ्या महिन्यात आणि शाळा तिसऱ्यात. १८ आणि १५, तिसऱ्या महिन्यापर्यंत ३३ हवेत, आणि ५ प्रमाणे साठणार १५! म्हणजे पहिल्याच तिमाहीत योजना कोसळून पुन्हा कार्ड बाहेर निघालं असतं, आणि मग घरात सगळे म्हणाले असते की बजेट-बिजेट आपल्याला जमत नाही. ज्यांचं असं होतं त्यांना माझं सांगणं एवढंच आहे की सरासरी काढून थांबू नका, महिनावार बेरीज करत जा, कुठल्या महिन्यापर्यंत एकूण किती लागणार आणि तोवर एकूण किती साठणार, दोन ओळी शेजारी शेजारी. जिथे लागणाऱ्या पैशांची ओळ मोठी तिथे कर्ज होणार, ते आजच दिसतं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. विम्याचा हप्ता सहामाही करून घेतला, ९ आणि ९, वर्षाचा एकदम भरण्यापेक्षा अगदी किंचित महाग पडतो पण कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त. आणि दुसरं म्हणजे ताईच्या शिवणकामाचे पैसे. आधी ते आले तसे घरात मिसळून जायचे, ३५ आलेल्या महिन्यात हात थोडा सैल आणि १० आलेल्या महिन्यात ओढाताण. आता ठरवलं की शिवणकामाचे महिन्याला १५ च घरखर्चात येणार. जास्त आले तर जास्तीचे सरळ वेगळ्या खात्यात, कमी आले तर त्याच खात्यातून भर घालायची. त्या खात्याला घरात 'वर्षाचा डबा' म्हणतात. वर्षाचे २४० येतात, घरात १८० जातात, उरतात ६०, आणि हवे होते ६१. म्हणजे जे पैसे आजवर बेभरवशाचे म्हणून कुरकुर व्हायची त्यांनीच वर्षाचे मोठे खर्च उचलायचे. पहिल्या महिन्यात ३५ आले, डब्यात २०. दुसऱ्यात २२, डब्यात ७. तिसऱ्यात १२ च आले, ३ काढावे लागले. राहिले २४, विम्याचे ९ आणि शाळेचे १५ भरले आणि डबा तळापर्यंत रिकामा झाला. ताईने मला त्या रात्री फोन केला, शून्य झाले म्हणून सांगायला, आणि ती खूश होती! कारण कार्ड कपाटातच होतं.

कर्जाचं काय केलं तेही सांगते. ७० भागांवर ४२ टक्के देत राहून काटकसर करणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी भरणं, म्हणून ते कर्ज आधी स्वस्त करायचं होतं. एका ठिकाणी त्यांना 'वर्षाला फक्त १० टक्के' असं कर्ज मिळत होतं, १८ हप्ते. भाऊजी म्हणाले, दहा टक्के म्हणजे सोनंच की. मी म्हटलं, भाऊजी जरा थांबा, हे दहा टक्के कशावर लावतायत ते विचारा. ते पूर्ण रकमेवर, पूर्ण मुदतीभर लावलेले होते, तुम्ही अर्धं कर्ज फेडलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. दीड वर्षाचे १५ टक्के धरून ८०.५ भाग परत करायचे, महिन्याला साडेचारच्या आसपास. हप्त्यागणिक कर्ज कमी होत जातं हे धरलं तर या दहा टक्क्यांचा खरा दर, कार्डासारखाच चक्रवाढीने मोजला तर, २० टक्क्यांच्या घरात जातो. तरीही घेतलं, कारण २० आणि ४२ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण घेताना काय घेतोय ते माहीत असून घेतलं. १२ हप्त्यांऐवजी १८ घेतले तेही मुद्दाम, कारण हप्ता मोठा ठेवला असता तर एखाद्या महिन्यात चुकलाच असता.

हप्त्यांचे वर्षाचे ५४, शिवाय जुनी तूट ४५ (ते ७८ आणि २७ मिळून १०५, त्यातून कागदावरच्या बचतीचे ६० वजा), शिवाय ते पत्ता नसलेले १४. म्हणजे कुठून तरी ११३ भाग काढायचे होते, जवळजवळ दहावा हिस्सा. आणि इथून खरी काटकसर सुरू होते.

सगळ्यात आधी भाड्याकडे बघितलं, कारण तोच सगळ्यात मोठा ठरलेला खर्च. थोडं लांब २२ भागांत घर मिळत होतं, वर्षाचे ४८ वाचले असते. पण प्रवास महिन्याला अडीच भागांनी वाढत होता, म्हणजे ३०, सामान हलवायचे १०, पहिल्या वर्षी हातात राहणार ८. आणि मुलांना आणण्या-सोडण्यात ताईचा रोजचा तास जाणार, तो शिवणकामातून कापला जाणार. नको म्हटलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण 'स्वस्त घरात जा' हा सल्ला द्यायला फार सोपा असतो.

औषधांना हात लावायचा नाही हे तर आधीच ठरलं होतं, त्यावर चर्चासुद्धा केली नाही.

मग स्वयंपाकघर. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलं होतं की कुटुंब जितकं गरीब तितका खर्चातला मोठा वाटा अन्नावर जातो. ताईकडे तो वाटा वर्षाला ३७६ भाग, म्हणजे उत्पन्नाच्या ३१ टक्के. मोठा आकडा दिसला की कात्री तिथेच चालवाविशी वाटते, पण वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटातून कापायचं नाही अशी माझी अट होती आणि ताईची तर होतीच. त्यामुळे आम्ही ताटाकडे न बघता कचऱ्याकडे बघितलं. चार आठवडे काहीही न बदलता, टाकून दिलं जाणारं अन्न स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचं आणि भिंतीवर लिहायचं. साली-देठ वेगळे, ते मोजायचे नाहीत, खाता आलं असतं तेवढंच. पहिल्या आठवड्यात १ किलो ९०० ग्रॅम. चार आठवड्यांचं मिळून ६ किलो ४०० ग्रॅम! ताईचा विश्वासच बसेना, ती म्हणाली माझ्या घरात अन्न वाया जात नाही. आणि एका वेळेला बघितलं तर जातही नव्हतं, मूठभर, अर्धी वाटी, दोन पिवळी पडलेली पानं. ते कागदावर एकाखाली एक आल्यावर दिसलं.

तारखा बघितल्यावर कारणही कळलं. आठवड्याची सुट्टी असली की एकदम सगळा ताजा माल यायचा आणि फेकलं जाणारं बहुतेक सगळं पाचव्या-सहाव्या दिवसाचं होतं. आठवड्यातून एकदाच बाजारात जा म्हणजे खर्च कमी होतो असं म्हणतात, कोरड्या सामानाला ते खरंय, ताज्या मालाला या घरात उलटं होतं. आता ती आठवड्यातून दोनदा आणते, अर्धं-अर्धं, आणि बाहेर पडण्याआधी फ्रिज उघडून काय शिल्लक आहे ते हातावर लिहूनच निघते. मोठ्या पॅकचंही तेच. मोठं पॅक २० टक्के स्वस्त आहे म्हणून घेतलं आणि त्यातला चौथा भाग टाकावा लागला तर जे वापरलं त्याचा भाव छोट्या पॅकपेक्षा महागच पडतो, करून बघा, ८० भागिले ७५. जे टिकतं ते मोठं, जे टिकत नाही ते लहान, आणि भाव नेहमी ग्रॅममागे काढायचा, कारण मोठं पॅक स्वस्त असेलच असंही नसतं.

विजेचं काम मुलीने अंगावर घेतलं. भाऊजींची सवय होती रात्री घरभर फिरून प्लग काढायची, टीव्हीचा लाल दिवा दिसला की त्यांना झोप यायची नाही. मुलीने टीव्हीचं माहितीपत्रक शोधलं, स्टँडबायला अर्धा वॅट. अर्धा वॅट वर्षभर चालू राहिला तर साधारण ४.४ युनिट. मग तिने विज्ञानाच्या पुस्तकातून दुसरा हिशेब केला, २० लिटरची बादली, पाणी २० अंशांनी तापवायचं, गुणिले ४.२, आले १६८० किलोज्यूल, आणि एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे एका बादलीला जवळपास अर्धं युनिट! तेवढ्या विजेत ९ वॅटचा एलईडी दिवा ५० तास जळतो. टीव्हीचं अख्ख्या वर्षाचं स्टँडबाय म्हणजे नऊ-दहा बादल्या, आणि या घरात पाच माणसं, दोन दिवसांचा मामला. भाऊजी तो कागद हातात घेऊन दोनदा वाचले. तेव्हापासून सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ होतात म्हणजे तापलेलं पाणी गार होऊन परत तापवायला लागत नाही, बादली पाऊण भरतात, सासूबाईंची मात्र पूर्ण आणि हवी तितकी गरम, त्यात काटकसर नाही. प्लग ते अजूनही काढतात, काढू देत.

फोनची रिचार्जं वर्षाची घेतली आणि घरातलं दुहेरी इंटरनेट बंद केलं, तिथे १० वाचले, पंधरा मिनिटांचं काम. त्या 'माहीत नाही: १४' पैकी ५ तेव्हाच सापडले, फुकट चाचणी म्हणून सुरू केलेली दोन ॲप मुदत संपल्यावर गुपचूप पैसे कापत होती. किरकोळसाठी महिन्याला ५ ठरवले, आणि त्यातलाच एकेक भाग ताईला आणि भाऊजींना, विचारायचं नाही कशाला घालवला. भाऊजींना हे पटत नव्हतं, एवढी तंगी असताना कशाला म्हणाले. पण वर्षभर स्वतःसाठी एक पैसा न वापरता माणूस राहत नाही, आठव्या महिन्यात कधीतरी त्याचा बांध फुटतो आणि मग एकदम दहा जातात.

ताईच्या कामाच्या दराबद्दल मात्र मला तिच्याशी जवळजवळ भांडावं लागलं. तीन वर्षं तिने दर वाढवला नव्हता. एका कामाला उसवण्यापासून इस्त्रीपर्यंत किती वेळ जातो ते आम्ही घड्याळ लावून मोजलं, तिला वाटत होतं वीस मिनिटं, लागली चाळीस. "लोक जातील गं," हेच तिचं पालुपद. दोघं गेले खरे. बाकीचे राहिले. वर्षाला १८ वाढतील असा अंदाज होता, वाढले २७. काटकसर म्हटलं की सगळं लक्ष जाणाऱ्या पैशावर असतं, आणि घरातल्या बाईच्या कामाचं मोल वाढवणं कुणाच्या यादीतच नसतं.

आता वर्षाअखेरचं खरं चित्र. किराण्यात ४० वाचवायचे होते, वाचले ३१. विजेत १४, शाळेत ९, फोनमध्ये १०. किरकोळमध्ये, ते 'माहीत नाही'चे १४ धरून, २६ ठरवले होते, २० जमले. नात्यातल्या खर्चात ८ वाचणार होते, वाचले फक्त ३, कारण भाऊजींच्या भावाकडे मोठं आजारपण आलं आणि दोनदा जावं लागलं. गेले ते बरोबरच केलं. ताईच्या कामाचे वाढीव २७ धरून एकूण ११४, आणि हवे होते ११३. एका भागाने जमलं.

पण दहाव्या महिन्यात सासूबाई पडल्या. हाड मोडलं नाही, तरी तपासण्या, औषधं आणि महिनाभराचा व्यायामोपचार मिळून १९ भाग लागले, विम्यात ते बसले नाहीत. दुरुस्तीसाठी ठेवलेले १२ त्या वर्षी वापरले गेले नव्हते, फ्रिज बिचारा चालला, ते तिकडे वळवले, तो एक भाग घातला, आणि ६ कमी पडले. ते मी दिले. ताई आधी कार्ड बाहेर काढत होती, मी म्हटलं ताई ते आत ठेव.

म्हणजे वर्ष संपताना कार्डावर शून्य, हप्त्यांचे सहा महिने बाकी म्हणजे २७, आणि माझे ६. एकूण ३३, जिथे आधी ७० होतं आणि ते दरवर्षी वाढतच होतं. बचत म्हणाल तर अजून काहीच नाही. ज्यांना वर्षभरात कर्ज संपून वर गंगाजळी साठल्याच्या गोष्टी ऐकायला आवडतात त्यांना हे थोडं वाटेल, पण एवढ्या उत्पन्नात, पाच माणसांच्या घरात, कुणाच्या ताटातलं किंवा औषधातलं न कापता एवढं होणं म्हणजे काय ते मी जवळून बघितलंय.

नवा कार्डशीट लागलाय. यावेळी मुलीने सासूबाईंच्या दवाखान्याला स्वतंत्र रंग दिलाय, जांभळा, आणि प्रत्येक महिन्यात थोडं थोडं लिहिलंय. सहा हप्ते संपले की ते साडेचार भाग मोकळे होतील, ते कुठे जाणार हेही आत्ताच सातव्या रकान्यात लिहून ठेवलंय, तीन जांभळ्याला आणि दीड माझे ६ फेडायला, चार महिने. मी तिला सांगितलं माझे नंतर दे, आधी दवाखान्याचे भर, पण तिने ते पेनाने लिहिलंय आणि ती खोडायला तयार नाही.